जून आणि पिकलेलं

दोन शब्दांचा अर्थ अगदी एकच असता तर माणसांनी दुसरा शब्द कशाला घडवला असता, असं भामरे सरांनी नववीच्या वर्गात आल्या आल्या विचारलं. त्यांच्या आधीचे इंग्रजीचे मास्तर फळ्यावर शब्द लिहायचे, पुढे अर्थ लिहायचे आणि खुर्चीत बसून तंबाखू मळायचे. आम्हाला तेच बरं वाटायचं. सर मात्र साक्रीकडून बदलून आलेले, तरुण, काटकुळे आणि भलते चौकस होते. वर्गात ते छापील मराठी बोलत, पण भान सुटलं की त्यांची अहिराणी बाहेर यायची. 'हाई काय शे?' असं ते एकदा कुणाच्या तरी वहीकडे बघून म्हणाले आणि त्या दिवसापासून मागे त्यांचं नाव 'शे सर' पडलं. आम्ही रावेरकडचे, आमच्या बोलीत 'शे' नाही, त्यामुळे ते आम्हाला परमुलखातलेच वाटायचे. गंमत अशी की पुढे लग्न होऊन मी त्यांच्याच मुलखात आले, धुळ्यात देवपूरला उभा जन्म काढला, आणि आता भाजीवाल्याशी बोलताना माझ्याच तोंडून 'कितला शे' निघतं.

सरांनी आम्हाला एक वेगळी वही करायला लावली. तिचं नाव जोड्यांची वही. एका पानावर दिसायला जुळे असे दोन इंग्रजी शब्द लिहायचे आणि त्यांच्यातला फरक आपल्या घरातला, गावातला, रोजचा दाखला देऊन सांगायचा. शब्दकोशातलं उतरवून आणलेलं चालायचं नाही. टॉल आणि हाय ही पहिली जोडी. नारळाचं झाड टॉल, पण त्याच्या शेंड्यावर बसलेला कावळा हाय, असं एकानं सांगितलं तेव्हा सर खूश होऊन टेबलावर बसले. स्टार्ट आणि बिगिन या जोडीला एका पाटलाच्या मुलानं विहिरीवरची मोटर आणली. मोटर स्टार्ट होते, बिगिन होत नाही. मी वेट आणि डॅम्प लिहिलं. धुतलेलं लुगडं वेट, आणि पावसाळ्यात पेटीतून काढलेलं डॅम्प. त्याला सरांनी लाल शाईत बरोबरची खूण केली होती. मला ती खूण इतकी आवडली की मी दिसेल त्या वस्तूला दोन शब्द आहेत का ते शोधत सुटले. माय म्हणायची, ही पोरगी आता भाकरीलाही विचारील की तू कोण आणि पोळी कोण.

आमचं घर गावाच्या कडेला, विहारामागच्या गल्लीत. मातीच्या भिंती, वर पत्रा आणि दारात एक बादली कायम भरलेली, कारण आबा वावरातून आले की आधी हात घासत बसायचे. आबा म्हणजे माझे वडील, सुकदेव. नाना हे गावातले मोठे बागायतदार, त्यांच्या केळीच्या बागेत आबा कापणीचे मुकादम होते. केळीला चीक असतो, आणि तो कापडाला लागला की आधी दिसत नाही, वाळला की काळपट डाग पडतो आणि मग तो डाग कापड फाटेपर्यंत राहतो. आबांचा एकही सदरा बिनडागाचा नव्हता. माझ्या शाळेच्या पांढऱ्या झग्यावरसुद्धा खांद्यापाशी एक डाग होता, त्यांनी हात न धुता कौतुकानं थोपटल्याचा. माय दोन्ही कपडे वेगळे धुवायची आणि तरीही रोज कुणाच्या तरी नावानं बोटं मोडायची.

केळीची बाग ज्यांनी आतून पाहिली नाही त्यांना सांगते, तिथे आवाज फार. वारा आला की पानं उभी चिरतात आणि चिरलेल्या पानांची फडफड दिवसभर चालते. कुठेतरी मोटर घरघरते, पाटानं पाणी येतं, मध्येच घड कापल्याचा एक ओला ठक्क आवाज येतो आणि पाठोपाठ खांद्यावर ओझं घेणाऱ्याचा हुंकार. कापणीला दहा-बारा जण असले तरी कुठला घड कापायचा हे एकटे आबा ठरवायचे. ते पुढे चालत जायचे, मान वर करून एकेका घडाकडे बघायचे आणि विळ्याचं टोक लावून खूण करायचे. थांबायचेसुद्धा नाहीत. मागचे लोक खूण बघून कापायचे. कापलेला माल बैलगाडीनं स्टेशनावर जायचा, तिथून मालगाडीनं थेट दिल्लीकडे. सगळा हिरवागार. पिकलेलं केळं आमच्या भागातून बाहेर जातच नसे. एक पिकला घड डब्यात गेला तर शेजारच्या सगळ्यांना पिकवतो आणि दिल्लीत पोचेपर्यंत अख्ख्या डब्याचा चिखल होतो. म्हणून गावात एक जुना रिवाज होता. जो घड नजरेतून सुटला आणि झाडावरच पिकला, त्यावर मालकाचा हक्क नाही, तो कापणाऱ्याचा. मुकादम तो घरी न्यायचा आणि गल्लीत वाटायचा.

असा घड घरी आला की आमची दिवाळी. माय तो खाटेखाली गोणपाटावर ठेवायची आणि सगळं घर गोड वासानं भरून जायचं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची गरम भाकरी, तीत पिकलं केळं कुस्करून घालायचं, वरून तेलाचे दोन थेंब आणि कडेला मिरचीचा ठेचा. हे वर्णन मी माझ्या सुनेला सांगते तेव्हा ती तोंड वाकडं करते. झाडावर पिकलेल्या केळ्याची चव तिला माहीत नाही यात तिची चूक नाही. आता बाजारात मिळतात ती केळी दिसायला सोन्यासारखी आणि चवीला वर्तमानपत्रासारखी.

तर एकदा कोशात शब्द शोधताना मला दिसलं की राइप म्हणजे पिकलेला, पक्व, आणि मॅच्युअर म्हणजे पक्व, परिपक्व. मला जोडी सापडल्याचा आनंद झाला. पण दाखला सापडेना. सरांना विचारलं तर त्यांनी त्यांच्याजवळचं मार्गदर्शक पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं, फळ राइप होतं आणि माणूस मॅच्युअर होतो. सरांना हे पटलं, मला पटलं नाही. का पटलं नाही ते सांगता येत नव्हतं. संध्याकाळी आबा हात घासत बसले होते तेव्हा मी त्यांना विचारलं की दिल्लीला जातं ते केळं कच्चं की पिकलेलं. ते म्हणाले, दोन्ही नही. मग बादली सोडून ते मला घरात घेऊन गेले. भाजीसाठी आणलेली कच्ची फणी होती, तिच्यातलं एक केळं माझ्या हातात दिलं आणि त्याच्या कडेवरून माझा अंगठा फिरवला. कोवळ्या केळ्याला कोपरे असतात, उभ्या धारा. दिवस भरत आले की धार मोडते, केळं गोल होतं.

"हे पाय, धार मोडली म्हंजे केळं जून झालं," आबा म्हणाले. "त्याचं वाढनं संपलं. आता त्याले झाडाची गरज नही. पिकनं वायलं, येगळं. पिकनं त्याचं ते पाहीन, दिल्लीत बी आन् मुंबईत बी."

मी दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून सांगितलं की सर, तुमचं पुस्तक चुकलंय. फळसुद्धा मॅच्युअर होतं. आमच्या बोलीत त्याला जून म्हणतात. जून आणि पिकलेलं यात आठ-पंधरा दिवसांचं आणि शेकडो मैलांचं अंतर असतं. पुस्तक चुकलंय म्हणणाऱ्या मुलीला दुसऱ्या कुठल्याही मास्तरानं बाकावर उभं केलं असतं. सर वर्गभर दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, मला बघायचंय.

त्या रविवारी ते सायकल घेऊन नानांच्या बागेत हजर झाले. त्यांच्या गावाकडे बाजरी, नागली आणि पावसाच्या भरवशावरची शेती. केळीची बाग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. बांधावर उभे राहून ते बराच वेळ नुसते बघत राहिले आणि स्वतःशीच म्हणाले, आठे तर बठ्ठं हिरवंच शे, इथे तर सगळं हिरवंच. आबांनी त्यांना ओळीतून फिरवलं. एकेका घडाशी थांबून, केळ्यावर अंगठा फिरवून, याला चार दिवस, याला आठवडा, हा उद्या कापायचा, असं सांगत गेले. सरांनीही अंगठा फिरवून पाहिला. मास्तर आपल्या हाताखाली शिकतोय याचा आबांना केवढा आनंद झाला होता ते त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. मीही मागून मिरवत चालले होते. आज आठवलं की वाटतं, त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर सगळं होतं आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

स्नेहसंमेलनात कुणीतरी इंग्रजीतून काही वाचावं असं सरांच्या मनात होतं. त्यांनी मला राइप आणि मॅच्युअर या जोडीवर दहा ओळी लिहायला सांगितल्या. मी लिहिलं, माझे आबा मॅच्युअर केळी दिल्लीला पाठवतात. राइप केळी आमच्या घरी येतात. दिल्लीच्या लोकांना वाटतं की तेच राइप केळी खातात, पण खरी राइप केळी मी खाते. पूर्वी दोन महिन्यांत एखादा घड यायचा, आता दर आठवड्याला दोन येतात, आणि माझी माय ती सगळ्या गल्लीत वाटते. म्हणून मला मॅच्युअरपेक्षा राइप हा शब्द जास्त आवडतो. सर हसले, एका ठिकाणी काळ दुरुस्त केला आणि वही परत दिली.

संमेलनाला सगळं गाव होतं आणि अध्यक्षाच्या खुर्चीत नाना होते, कारण शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. मी इंग्रजीतून वाचलं. कुणाला काही कळलं नाही तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पाहुण्यांना समजावं म्हणून सरांनी एकेक ओळ मराठीत सांगितली. दिल्लीच्या लोकांच्या ओळीला लोक खदखदून हसले. आठवड्याला दोन घडांच्या ओळीलाही हसले. आबा मागे भिंतीला टेकून उभे होते, ते हसले नाहीत. नानाही हसले नाहीत. त्यांनी मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिलं, आणि मला वाटलं ते माझ्या वडिलांना कौतुकानं शोधत आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना स्वतः आमच्या दारात आले. ते आरडाओरडा करणारे नव्हते. बसायला टाकलेल्या खाटेवर बसले, मायनं दिलेलं पाणी प्यायले. मग म्हणाले, "सुकदेव, पोरगी खोटं बोलत नही. मी तुह्यावर आळ घेत नही. मले फक्त येवढं सांग, आठवड्याले दोन घड राह्यतात कसे?"

प्रश्न साधा होता आणि गावातलं शेंबडं पोर त्याचा अर्थ समजू शकलं असतं. सुटलेला घड कापणाऱ्याचा, हा रिवाज खरा. पण तो सुटलेल्या घडासाठी होता, सोडलेल्या घडासाठी नव्हता. तीस वर्षं ज्याच्या नजरेतून वर्षाला पाच-सहा घड सुटत, त्याच्या नजरेतून आता महिन्याला आठ सुटू लागले, तर तो ते मुद्दाम सोडतो आहे असंच कोणीही म्हणेल. रिवाजाच्या आडून चोरी. आबा नाही म्हणाले असते तर नानांनी बहुतेक मानलं असतं. पण आबा जमिनीकडे बघत बसून राहिले. नाही म्हणाले नाहीत आणि हो म्हणाले नाहीत. नाना उठताना म्हणाले की पुढची कापणी गुरुवारी आहे, तोवर सांगायचं तर सांग, नाहीतर विळा दुसऱ्याला देतो.

माझी काय अवस्था झाली ते लिहिणं अवघड आहे. मायनं मला एकच विचारलं, "तुले कोन सांगतलं व्हतं लिव्हाले?" आणि तिनं पदर तोंडाला लावला. मी जोड्यांची वही चुलीत घालायला निघाले होते, पण चूल विझलेली होती. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्यांनी आमच्या घरची केळी मिटक्या मारत खाल्ली होती तेच आता दारावरून जाताना आत डोकावायचे. भामरे सर आले आणि दारातच उभे राहिले. सगळ्यांसमोर ते वाचायला लावलं आपण, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. त्यांनी आबांना हात जोडले आणि पुस्तकी मराठी कुठच्या कुठे गेली. "आबा, मनी चूक शे," माझी चूक आहे, एवढंच ते म्हणाले. आबांनी त्यांना चहा पाजला.

रडून झालं की माझं डोकं चालायला लागतं, ही खोड मला अजून आहे. आबा चोर नाहीत हे मला माहीत होतं. जो माणूस वाटेत पडलेलं सरपणसुद्धा धन्याला विचारून उचलतो तो घड सोडणार नाही. मग घड राहतात कसे, हा नानांचा प्रश्न माझाही झाला. सर जाताना सायकलपाशी सहज बोलले की एवढ्या मोठ्या बागेत एकेक केळं हातानं चाचपायचं म्हणजे केवढं चिकाटीचं काम. मी म्हटलं, चाचपत नाहीत सर, ते नुसतं बघतात, चालता चालता. सर म्हणाले, रविवारी तर प्रत्येक घडाला हात लावत होते. ते खरं होतं. मला वाटलं होतं की सरांना शिकवायला म्हणून हात लावतात.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. आबा पेल्यात पाणी ओतताना आत बोट धरायचे. रस्त्यात कुणी हात केला तरी ओळख द्यायचे नाहीत, आणि लोक म्हणायचे की मुकादमाला शिंगं फुटली. डाळीतले खडे निवडायला बसायचे ते दिवाळीपासून बसले नव्हते. ह्या सगळ्याला मी नाव दिलेलं नव्हतं. इंग्रजीच्या शब्दांना मात्र देत होते.

बुधवारी दुपारी भाकरी घेऊन मी बागेत गेले. आबा एकटेच ओळीतून फिरत होते, उद्याच्या कापणीचा अंदाज घेत असतील. मी त्यांच्याजवळ गेले आणि जे केलं ते चौदा वर्षांच्या मुलीनंच करावं. समोरच्या झाडाला घड नव्हताच. वरती वाळक्या पानांचा एक झुबका लोंबत होता. मी तिकडे हात करून म्हटलं, "आबा, हा घड जून झाला का?"

आबांनी मान वर केली. नीट पाहिलं. म्हणाले, "आजून आठ दिवस."

मी काहीच बोलले नाही. पानं फडफडत होती. बोलले नाही म्हणूनच बहुधा त्यांना कळलं. ते दोन पावलं पुढे गेले, हात उंच करून त्यांनी तो झुबका मुठीत धरला, आणि पानं त्यांच्या हातात चुरली. मग ते पाटाच्या कडेला खाली बसले. मला ओरडतील असं वाटलं होतं. ते मला म्हणाले की कुणाला सांगू नको, मायलाही नको. मी म्हटलं, पण आबा, लोक तुम्हाला चोर म्हणतील.

"म्हनू दे," आबा म्हणाले. "चोराले दुसऱ्याच्या वावरात काम भेटते. आंधळ्याले कोन ठेवते?"

मी त्यांना शब्द दिला आणि तिथून सरळ नानांच्या ओट्यावर गेले. का गेले, हे मी आयुष्यभर वेगवेगळं सांगत आले आहे. मुलांना सांगितलं की आजोबांच्या नावासाठी गेले. आता खोटं बोलायचं वय राहिलं नाही. माझ्या दहा ओळींमुळे हे झालं, ती टोचणी मला सहन होईना, म्हणून गेले. नाना ओट्यावर पेपर वाचत होते. मी एका दमात सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं की किती दिवसांपासून. दिवाळीपासून, मी म्हटलं. मग हे त्यानं मला का नाही सांगितलं, असं ते म्हणाले. मी आबांचं वाक्य जसंच्या तसं त्यांना ऐकवलं. नानांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली. मला म्हणाले, घरी जा.

गुरुवारी कापणीच्या आधी त्यांनी सगळ्या माणसांना बांधावर जमवलं. सुकदेवनं चोरी केलेली नाही, त्याला दिसत नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि विळा आबांच्या हातातून घेऊन दुसऱ्याला दिला. आबांना त्यांनी कामावरून काढलं नाही. स्टेशनावर डब्यात घडांखाली पानं अंथरायचं काम दिलं. ते हाताच्या अंदाजानं करता येतं. नानांनी वाईट वागवलं असं मी कधीही म्हणणार नाही. पण आबा त्या बांधावर मान खाली घालून उभे होते, आणि मी ते लांबून पाहिलं. चोर म्हणून हाकलले असते तर त्यांनी मान वर ठेवली असती असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं.

त्यानंतर आबा माझ्याशी बोलेनासे झाले. रागावले नाहीत, मारलं नाही, नुसतं बोलणं बंद. मी समोर बसलेली असताना मायला म्हणायचे, तिले म्हन पानी दे. मीही मायला म्हणायचे, त्यांना सांग ठेवलंय. माय बिचारी दोघांमध्ये पोस्टमन झाली होती आणि एके दिवशी वैतागून म्हणाली की आता तुम्ही दोघं तिकीट लावा. कोणी हसलं नाही. हे महिनाभर चाललं.

सरांनी दरम्यान धुळ्याला चौकशी केली होती. देवपुरात त्यांचे मेहुणे राहायचे, आणि त्यांच्या ओळखीतून सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायचं ठरलं. मायला रोजावर जायचं होतं, म्हणून सर, आबा आणि मी असे तिघं एसटीनं निघालो. आबा खिडकीशी, मध्ये सर, कडेला मी. दवाखान्यात जिने होते, माणसांची गर्दी होती. मी दोनदा हात पुढे केला. आबांनी तो दिसला नाही असं दाखवलं, किंवा खरंच दिसला नसेल. भिंतीला हात लावत लावत ते वर गेले.

डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिली आणि सरांकडे वळून इंग्रजीत सांगितलं की मोतीबिंदू आहे, पण अजून मॅच्युअर झालेला नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. मग डॉक्टर आबांकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, बाबा, मोतीबिंदू अजून पिकला नाही. पिकू द्या, सहा महिन्यांनी या, मग काढू. त्या काळी डॉक्टर असंच करायचे, पूर्ण होईपर्यंत थांबायचे. मला तिथे गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी विचारलं, साहेब, पण मॅच्युअर म्हणजे तर जून. मग तो जून व्हायचाय की पिकायचाय? सरांनी कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं की वेळेच्या आधी काढला तरी नुकसान, फार उशिरा काढला तरी नुकसान, आता तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. आबा स्टुलावर बसून हे ऐकत होते. ते समोरच्या उजेडाकडे तोंड करून सावकाश म्हणाले, "म्हंजे जूनच."

सहा महिन्यांनी ऑपरेशन झालं आणि त्यांचा एक डोळा बराच परत आला. जाड भिंगाचा चष्मा लावून ते पुढे पुष्कळ वर्षं जगले. विळा परत मिळाला नाही. पण माझ्या मनात रुतून बसली आहे ती त्या पहिल्या दिवसाची परत निघायची वेळ. सर तिकिटांच्या चौकशीला पुढे गेले होते. दवाखान्याच्या बाहेरच्या पायऱ्यांवर आबा आणि मी दोघंच उभे होतो. ऊन कडक होतं, आणि त्या उजेडात त्यांना आणखीच कमी दिसत असणार. मी त्यांच्यापासून हातभर लांब उभी होते. सहा पायऱ्या उतरायच्या होत्या आणि तिथे हात लावायला भिंत नव्हती. मी म्हटलं, आबा, मी सांगायला नको होतं.

माझा आवाज आला होता त्या बाजूला आबांनी तोंड वळवलं.

"तू नानाले सांगतलं, त्या दिशी तुह्या थोबाडीत माराचं मनात व्हतं," ते म्हणाले. "पन मारू कुठी? तू कुठी उभी हाये तेच समजे ना."

आणि त्यांनी हात पुढे केला, अंदाजानं, माझ्यापासून वीतभर बाजूला. मी सरकून त्या हाताखाली आले.